शिकवण्याचे दप्तर

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयाची विद्यापीठीय कागदपत्रे शोधायची असतील, तर आधी महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्यावा लागतो. आम्ही भवानी पेठेतले लोक ज्याला ‘आमचे कॉलेज’ म्हणतो ते दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झाले, तेव्हा विद्यापीठ होते मुंबईचे. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा तिकडे गेला. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. मग आमचा पत्रव्यवहार कोल्हापूरशी सुरू झाला. १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. इमारत जागची हलली नाही, आणि तिला विद्यापीठे मात्र चार झाली.

या चारही ठिकाणी आमच्या शहराचे कागद आहेत. कोणत्या वर्षी कोण उत्तीर्ण झाले, कोणत्या विषयाला मान्यता मिळाली, विद्वत्सभेत काय ठराव झाला, हे चिकाटीने शोधले तर हाती लागते. निकालाची वही विद्यापीठ कायम जपते आणि ते योग्यच आहे. पण साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात अमुक विषय कसा शिकवला जात होता, शिकवताना कुठे अडत होते आणि अडल्यावर अध्यापकाने काय केले, याचा कागद या चारपैकी कोणत्या ठिकाणी शोधायचा? मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे वाणिज्य शाखेत शिकवले. निवृत्तीनंतर हा प्रश्न घेऊन बसलो, आणि उत्तराचा माग मला एका अशा संस्थेकडे घेऊन गेला, जिच्याकडे आम्ही अध्यापक केवळ बढतीची पायरी म्हणून पाहत आलो. ती म्हणजे अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेज.

प्राध्यापक नसलेल्या वाचकासाठी थोडी माहिती. शाळेत शिकवायला बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवायला विषयाची पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा लागते, पण शिकवण्याचे शिक्षण घेतलेले असण्याची अट नाही. काल बाकावर बसलेला मुलगा आज खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहू शकतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही उणीव ओळखली आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आणली. सुरुवातीला देशभरात ४८ विद्यापीठांत ही केंद्रे निघाली. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, म्हणजे ‘ओरिएंटेशन’, आणि अनुभवी अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, म्हणजे ‘रिफ्रेशर’, अशी दोन मुख्य कामे. आयोगाच्या नियमावलीत ओरिएंटेशनचे १४४ तास आणि रिफ्रेशरचे १०८ तास मोजून दिलेले होते. त्यात समाज आणि शिक्षण यांचा संबंध, अध्यापनशास्त्र, ग्रंथालय व संगणकाचा वापर, व्यवस्थापन असे घटक. आम्ही सोलापूरकर त्यासाठी पुणे, औरंगाबाद, कधी गोवा, कधी हैदराबाद अशी वाट धरत असू.

याच सुमारास वेतनश्रेणीची नवी रचना आली आणि वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी मिळण्यासाठी हे वर्ग पूर्ण करणे आवश्यक झाले. इथे या संस्थेचे नशीब ठरले. शिकवणे सुधारावे म्हणून काढलेल्या वर्गाचे मोल त्याच्या प्रमाणपत्रात जाऊन बसले. स्टाफरूममध्ये ‘तुझे किती रिफ्रेशर झाले?’ असे विचारत, ‘तिथे काय शिकलास?’ असे सहसा कोणी विचारत नसे.

पण कागदांच्या दृष्टीने पाहिले तर असा एक वर्ग म्हणजे छोटा कारखानाच. अर्ज येतात, त्यांना प्राचार्यांची शिफारस आणि कार्यमुक्तीचे पत्र जोडलेले असते. निवड यादी होते. वेळापत्रक लागते. रोज सकाळ-संध्याकाळ हजेरीपट फिरतो. बाहेरून आलेल्या व्याख्यात्यांच्या मानधनाच्या पावत्या, सहभागींच्या प्रवासभत्त्याची देयके, जेवणाची आणि चहाची बिले, चाचणीच्या उत्तरपत्रिका, अभिप्रायाचे अर्ज, सूक्ष्म अध्यापनाच्या निरीक्षणाचे तक्ते, आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने घाईघाईने लिहिलेला प्रकल्प अहवाल. समारोपाचा एक सामूहिक फोटो, प्रमाणपत्रांची नोंदवही, स्थळप्रत. सूक्ष्म अध्यापन ही १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पुढे आलेली पद्धत: पाच-सात मिनिटांचा तुकडा सहकाऱ्यांसमोर शिकवायचा, त्यांनी एकाच कौशल्यावर बोट ठेवायचे, मग तोच तुकडा पुन्हा शिकवायचा. पन्नाशीला आलेले विभागप्रमुख त्या पाच मिनिटांत कसे घामाघूम होतात ते पाहण्यासारखे असते.

या ढिगातले काय टिकते? आपल्या सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. हातातली कामे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. जपायच्या कागदांचेही वर्ग ठरलेले: ‘अ’ म्हणजे कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे, ‘क’ काही वर्षांचे आणि ‘ड’ वर्षभराचे. पद्धत चांगली आहे. मी तिची चेष्टा करणार नाही. कागद कोणत्या वर्गात घालायचा हे ज्याने ठरवायचे, त्याच्यासमोर मात्र दोनच प्रश्न असतात. याच्यावर पैशाचा हिशेब आहे का? याच्यावर कोणाचा हक्क अवलंबून आहे का? विद्यापीठाच्या कार्यालयांतही हिशेब याच अंगाने होतो. चहाचे बिल पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होते, कारण अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आयोगाला पाठवायचे असते आणि लेखापरीक्षण व्हायचे असते. प्रमाणपत्राची नोंदवही दुसऱ्या प्रश्नात उत्तीर्ण होते. प्रकल्प अहवाल दोन्हींत नापास. तो अहवाल रद्दीत देणाऱ्या लिपिकाने कोणताही नियम मोडलेला नसतो.

हक्काचा प्रश्न किती टोकदार असू शकतो याचे एक उदाहरण माझ्या माहितीतले. एका सहकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची फाईल तपासताना हरकत निघाली की, नव्वदच्या दशकातल्या एका रिफ्रेशरचे प्रमाणपत्र पडताळून मिळाल्याशिवाय निवड श्रेणीची तारीख मान्य करता येणार नाही. त्यांच्याकडे अंधूक झेरॉक्स होती. ज्या केंद्राने वर्ग घेतला होता, तिथे मधल्या काळात जागा बदलली होती आणि जुन्या वर्गांच्या याद्या कोणत्या कपाटात आहेत हे सांगणारे कोणी उरले नव्हते. वर्षभर पत्रे गेली. या गृहस्थांनी आपल्याच महाविद्यालयातून कार्यमुक्तीचा आदेश काढला, त्या तीन आठवड्यांतले हजेरीपत्रक काढले, त्यावर ‘रिफ्रेशर’ असा तांबड्या शाईतला शेरा होता तो दाखवला, समारोपाचा फोटोही जोडला. शेवटी केंद्रातल्या एका निवृत्तीला आलेल्या शिपायाने नोंदवही शोधून दिली. ती जुन्या पंख्यांच्या खोलीत होती. वेतननिश्चिती झाली. पण त्या वर्षात त्यांच्या घरात औषधांचा हिशेब कसा चालला होता ते मला ठाऊक आहे.

हे एकट्याचे झाले. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांचा प्रश्न महाराष्ट्रात किती वर्षे धुमसला आणि २०१३ साली परीक्षेच्या कामावरील बहिष्कारापर्यंत कसा गेला, हे अनेकांना आठवत असेल. त्या वादात तत्त्व होतेच. पण प्रत्येक अध्यापकाच्या पातळीवर तो जाहिरात, निवड समितीचा अहवाल आणि विद्यापीठाचे मान्यतापत्र या तीन कागदांचा वाद होता. सोलापूरच्या माणसाला तर असा कागद कोल्हापुरात शोधायचा की केगावच्या नव्या विद्यापीठात, हेही आधी ठरवावे लागे.

त्यात या केंद्रांची नावे बदलत गेली. २०१५ साली अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजाचे ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झाले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशनचा अध्यापक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि तेच पुढे ‘मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण केंद्र’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नाव बदलण्याला माझा विरोध नाही. मात्र पाटी बदलते तेव्हा शिक्का, लेटरहेड, संकेतस्थळ आणि ईमेलचा पत्ताही बदलतो, आणि कपाटे आवरली जातात. आपल्याकडे कागद वाळवीने जितके खाल्ले असतील, तितकेच अशा आवराआवरीत गेले असावेत, असे मला वाटते.

आता त्या नापास प्रकल्प अहवालाकडे येतो, कारण माझ्या मते खरा ऐवज तिथे आहे.

माझ्या स्वतःच्या ओरिएंटेशनचा अहवाल माझ्याकडे आहे, कारण तेव्हा कार्बन ठेवून लिहिण्याची सवय होती. विषय होता, पुस्तपालन शिकवताना येणाऱ्या अडचणी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या वर्गात मराठी ही बऱ्याच मुलांची घरची भाषा नसते. पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. मी पाठ्यपुस्तकातला ‘घसारा’ समजावत होतो. व्याख्या पाठ होत होती, उदाहरणही सुटत होते. पण घसारा हा खर्च कसा, खिशातून तर एक रुपया गेला नाही, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारत असे. मग मी यंत्रमाग घेतला. वडिलांनी माग घेतला तेव्हा किती दिले, आज विकायला काढला तर किती येतील, मधले पैसे कुठे गेले? मागाच्या घरातली मुले लगेच बोलू लागली: ते टॉवेलात गेले, सर. प्रत्येक टॉवेलाबरोबर माग थोडा थोडा विकला गेला, हे त्यांनी मला सांगितले. त्यापुढे सरळ रेषा पद्धत आणि ऱ्हासमान शेष पद्धत शिकवायला अर्धा तास पुरला. मात्र हेच उदाहरण विडी वळणाऱ्या घरातल्या मुलींना लागू पडले नाही, कारण त्यांच्या घरी सुपाशिवाय आणि कात्रीशिवाय यंत्र म्हणावे असे काही नव्हते. त्यांच्यासाठी शिलाई मशीन घ्यावे लागले. हे सगळे त्या अहवालात चार पानांत आहे.

याला शिक्षणशास्त्रात नाव आहे हे मला फार उशिरा कळले. ली शुल्मन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ साली, म्हणजे आपले धोरण आले त्याच वर्षी, असे मांडले की, विषयाचे ज्ञान वेगळे, शिकवण्याच्या सर्वसाधारण तंत्राचे ज्ञान वेगळे, आणि हा विषय या विद्यार्थ्यांना कसा समजेल याचे एक तिसरे ज्ञान असते. ते अध्यापकाचे खास ज्ञान. हिशेबतपासनीसाला घसारा माझ्यापेक्षा चांगला येतो. पण मागाच्या घरातल्या मुलाची अडचण नेमकी कुठे आहे हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. हे ज्ञान क्रमिक पुस्तकात येत नाही, पीएच.डी.च्या प्रबंधात येत नाही, आणि अध्यापक निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. आपल्या उच्च शिक्षणात ते कागदावर उतरण्याच्या ज्या मोजक्या जागा होत्या, त्यांत स्टाफ कॉलेजातला हा प्रकल्प अहवाल ही एक. बरेच अहवाल भरताड असतात, इकडून तिकडून उतरवलेले असतात, हे मान्य. तरी वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाने बार्शीच्या मुलांना कोणती झाडे दाखवली, मराठीच्या बाईंनी तेलुगू भाषक मुलींच्या निबंधांतल्या लिंगाच्या चुका कशा गोळा केल्या, असे काही त्यांत सापडले की बाकीचे सहन करता येते.

‘पण नॅक आल्यापासून तर सगळे जपतात की,’ असे एका तरुण प्राचार्यांनी मला ऐकवले. १९९४ साली नॅकची स्थापना झाली, आणि तिच्या निकषांत अध्ययन-अध्यापन हा स्वतंत्र निकष आहे, हे खरे. त्यामुळे अध्यापन नियोजन, दैनंदिनी, अभिप्रायांचे विश्लेषण अशा फायली तयार होतात, त्यांवर रंगीत पाठीही चिकटवल्या जातात. अभिलेखांचा अभ्यास करणारे मात्र एक भेद कटाक्षाने पाळतात. काम करता करता सहज तयार झालेला कागद वेगळा, आणि कोणाला दाखवण्यासाठी तयार केलेला कागद वेगळा. दुसऱ्या प्रकारचा कागद खोटा असतो असे नाही. पण तो परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तर देतो. वर्षभराची दैनंदिनी एकाच पेनाने, एकाच वळणात लिहिलेली दिसली की समजायचे ते समजावे.

बाहेर याकडे कसे पाहतात? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६२ साली अध्ययन-अध्यापनाच्या संशोधनासाठी केंद्र निघाले; विद्यापीठातल्या अशा केंद्रांत ते त्या देशातले पहिले मानले जाते. त्याच विद्यापीठातले विल्बर्ट मॅकीची यांची नवख्या अध्यापकांसाठीची ‘टीचिंग टिप्स’ ही पुस्तिका १९५१ पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत घरोघरी गेली. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या विद्यापीठाचे स्वतःचे अभिलेखागार आहे, बेंटली ऐतिहासिक ग्रंथालय. कुलगुरूंच्या पत्रव्यवहारापासून निरनिराळ्या विभागांपर्यंत विद्यापीठाच्या कार्यालयांचे कागद तिथे येतात, खोक्यांत क्रमवार लागतात, प्रत्येक खोक्यात काय आहे याची यादी होते आणि ती यादी कुणालाही वाचता येते. व्यक्तीविषयीचे नाजूक कागद ठरावीक वर्षे बंद ठेवतात. इतकेच. यात आपल्याला न परवडणारे यंत्र कोणतेही नाही.

आणि आपल्याला हे नवेही नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात, हे इतिहासाच्या वाचकाला सांगायला नको. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवड करून १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंड सिद्ध केले, ते शक्य झाले कारण रुमाल शाबूत होते. अभिलेखशास्त्राचा पहिला नियम हाच: ज्या कार्यालयातून कागद आले त्या कार्यालयाचे एकत्र ठेवा, विषयवार वाटून टाकू नका, आणि शक्य तोवर मूळ क्रम मोडू नका. ओरिएंटेशनच्या एका वर्गाचे वेळापत्रक, यादी, अहवाल आणि फोटो एका बासनात राहिले, तर ते एकमेकांचा अर्थ सांगतात. फोटो अल्बममध्ये, अहवाल ग्रंथालयात आणि यादी लेखा विभागात गेली, की तिन्ही मुकी. मराठीने शाळेच्या पिशवीला आणि राज्याच्या कागदखान्याला ‘दप्तर’ हा एकच शब्द ठेवला आहे, याची मला गंमत वाटते.

सगळे जपा, असे माझे म्हणणे नाही. उत्तरपत्रिका आणि कोरे नमुने खुशाल जाऊ द्यावेत. अभिप्रायांचे अर्ज सगळे नकोत. पाच-दहा वर्षांतून एका वर्गाचे पूर्ण ठेवले तरी पुरतात, आणि त्यातली व्याख्यात्यांवरची टीका काही वर्षे झाकून ठेवावी, कारण ती माणसे अजून सभांतून भेटतात. पण प्रत्येक वर्गाचे वेळापत्रक, सहभागींची यादी, प्रमाणपत्रांची नोंदवही आणि निवडक अहवाल कायमचे ठेवायला एका वर्गामागे एक खोके पुरेसे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. आपण माहिती मागण्याच्या कलमांची चर्चा करतो. हे कलम मागे पडते.

मला अधिक काळजी अलीकडच्या वर्गांची आहे. २०२० च्या टाळेबंदीत सगळे ऑनलाइन झाले. हजेरी गुगल फॉर्मवर, व्याख्याने झूमवर, अहवाल ईमेलने, प्रमाणपत्र पीडीएफमध्ये. कार्बन प्रत नसते, स्थळप्रत नसते. ज्या समन्वयकाच्या खात्यावर फॉर्म होता, त्याची बदली झाली किंवा खाते बंद झाले, की हजेरीपट गेला. सायक्लोस्टाइल केलेले १९८९ चे वेळापत्रक मी आज वाचू शकतो. २०२१ च्या एका वर्गाची लिंक मी मागच्या महिन्यात उघडून पाहिली, पान उघडलेच नाही. यावर उपाय साधा आहे: वर्ग संपल्याच्या आठवड्यात यादी, वेळापत्रक आणि अहवाल उतरवून घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रत आणि कागदावर छापलेली एक यादी जमा करणे. अर्ध्या दिवसाचे काम. ते कोणाच्या कामाच्या तक्त्यात लिहिलेले नाही, म्हणून होत नाही.

गेल्या दोन वर्षांत मी माझे आणि पाच निवृत्त सहकाऱ्यांचे कागद एकत्र केले आहेत. टाचण्या आणि स्टेपल काढले, कारण गंजून ते कागद खातात. फॅक्सच्या चकचकीत कागदावरची अक्षरे उडून चालली होती, त्यांच्या झेरॉक्स केल्या. प्लास्टिकच्या पिशव्यांत दमट राहते म्हणून प्रत्येकाचे कागद धुतलेल्या सुती कापडात बांधले; जुन्या सोलापुरी चादरींची आमच्या घरी कमतरता नाही. प्रत्येक बासनात वर यादी आहे. कुणाचे कागद, कोणत्या वर्षाचा वर्ग, किती पाने, काय अपूर्ण. एका बासनात भूगोलाच्या अध्यापकाची सूक्ष्म अध्यापनाची टिपणे आहेत, तिथे निरीक्षकाने समासात लिहिले आहे, ‘फळ्याकडे पाठ करून बोलू नये.’ दुसऱ्यात एका बाईंनी वसतिगृहातल्या एका महिन्याचा खर्च मांडला आहे, कारण घरी दोन वर्षांचा मुलगा ठेवून आल्या होत्या आणि दर रविवारी सोलापूरला येऊन जात होत्या. त्या एस.टी.ची तिकिटेही त्यांनी अहवालाच्या पाठीमागे चिकटवली आहेत. ती मी काढलेली नाहीत.